‘चर्ल’ म्हणाले साहेब

भाईंदरजवळच्या राई गावाहून निघाले तेव्हा बाबा माझी बॅग खांद्यावर टाकून बस स्टॉपपर्यंत आले. आई शेताच्या बांधावरच थांबली. बस हलली तसे बाबा एवढंच म्हणाले, "मिंधी ऱ्हाऊ नको कोनाची." अठ्ठ्याऐंशी साल होतं. दादरला मुलींच्या हॉस्टेलवर एक कॉट आणि फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी, एवढ्यावर मी घर सोडलं.

गावात मागे राहिलेल्या तुम्हा लोकांना वाटायचं, मी मॅडम झाले. ऑफिसात मी ‘ती भाईंदरची’ होते.

दोन-तीन वर्षांनी ऑफिसात एक बिल्डर आला. त्याला राईतली भातशेती हवी होती, आमच्या शेतासकट. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मराठीच, पण माझ्याशी कायम इंग्रजीत बोलायचे. त्या दिवशी मात्र मराठी आठवली.

"वडिलांना समजाव. तुमची भाषा तुलाच येते."

"बाबा विकणार नाहीत, सर. आणि मी त्यांना सांगणारही नाही."

"डोन्ट बी अ चर्ल," साहेब म्हणाले. बिल्डर हसला.

शिवी होती हे कळलं, पण कसली ते कळलं नाही. त्याचाच संताप जास्त. लंच टाइममध्ये लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी उघडली. चर्ल म्हणजे उद्धट, गावंढळ, कद्रू माणूस. खाली बारीक अक्षरांत त्या शब्दाचा इतिहास होता. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात चर्ल म्हणजे साधा शेतकरी, पण स्वतंत्र. कुणाचा गुलाम नव्हे. मग बाहेरून आलेल्या सरदारांनी देश जिंकला, जमिनी बळकावल्या, चर्लला वेठीला धरलं. आणि त्याचं नावच शिवी होऊन बसलं. आपला ‘गावंढळ’ तरी कुठून आला? गावातूनच ना?

डिक्शनरी मिटली आणि ऑफिसात परतले. तशीच केबिनमध्ये शिरले.

"सर, मघाशी म्हणालात ते बरोबर आहे. माझे बाबा चर्लच आहेत. स्वतःच्या जमिनीवर उभा असलेला मोकळा माणूस."

साहेब हसले. "तो अर्थ आता वापरात नाही."

"वापरातून काढला कोणी, सर?"

त्यांनी फोन उचलला आणि नंबर फिरवायला लागले. त्याच महिन्यात माझी नोकरी गेली. पुढची मिळाली ती बडोद्याला, आणि मी तिथलीच झाले.

बाबांनी जमीन दिली नाही. मग आमच्या शेताच्या चारही बाजूंनी भराव पडला. पाण्याला वाट राहिली नाही, उभं भात कुजलं. दोन पावसाळे बाबा गुडघाभर पाण्यात उतरून चर खणत राहिले. शेवटी त्यांनी सही केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा तुमच्यातलेच काहीजण म्हणालात, "आधीच दिली असती तर बरं झालं असतं." ते मी विसरलेले नाही. तिथे उभ्या राहिलेल्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेऊन राहायला गेलात, तेही विसरलेले नाही.

गावठाणातलं घर तेवढं उरलंय. बडोद्याहून येते तेव्हा स्टेशनबाहेर रिक्षावाला विचारतो, "राई में कौनसा कॉम्प्लेक्स, मॅडम?" दर वेळी डोकं फिरतं.

"कॉम्प्लेक्स न्हाय," मी म्हणते. "घर हाय माजं थितं."

त्याला कळत नाही. मी हिंदीत सांगत नाही.