जान्याच्या कौलावरचं गिदाड

भिमीचा फोन आला तेवा मी भिंतीमागं होती. बोकडाचं मांस झडपेतून आत ढकलत होती. तिते बोलायला बंदी. मी बाहेर येऊन फोन कानाला लावला.

"बाय, तुज्या कामावरचं पाखरू आमच्या घरावर बसलंय. ने त्याला."

"कसलं पाखरू?"

"गिदाड. पायात निळं कडं हाय. कौलाच्या कडेला बसतं, मान खाली घालतं नि दारातून तुज्या भावाला बगतं. चार-पाच दिवस झाले. पाड्यातली लोकं आता कोयते घेऊन आलीत."

जान्या माजा भाऊ, माज्याहून लहान. भिमी त्याची बायको. कुंभवलीला कंपनीत ड्रम उचलायचा तो. एक दिवस लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलनं गेलं. तेवापासून पाड्यावर खाटेवर पडून. नि आमच्याकडं मानतात, ज्या घरावर गिदाड बसलं त्या घरातून कोनीतरी जानार. जान्याच्या घरातून कोन जानार ते विचारायची कोनाला गरज नव्हती.

मी डॉक्टर मॅडमना सांगायला गेली. मॅडम कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, तोंडावर हसू.

"मावशी, निळ्या चार दिवस एकाच जागी आहे. बहुतेक मोठं ढोर सापडलंय त्याला. खातोय."

"मॅडम, तो माज्या भावाच्या घरावर हाय," मी बोलली.

तोंडावरचं हसू तितंच राहिलं, पन डोळ्यातलं गेलं.

निळ्या म्हनजे कोन ते सांगते. आमचं केंद्र सफाळ्याच्या पुडे, डोंगराच्या अंगाला. तिते गिदाडं वाडवतात. मी पोर होती तेवा ढोर मेलं की माळावर टाकायची पद्दत. आभाळ मोकळं असायचं नि बगता बगता काळं व्हायचं. सांजेला नुसती हाडं. मग ती गेली. कोनी मारली नाय. ढोरांना दुकनं थांबवायची एक सुई द्यायचे. ती सुई दिलेलं ढोर मेलं नि गिदाडानं खाल्लं की त्याची किडनी जायची. मान लोंबवून झाडावर बसायची, नि बसल्या बसल्या खाली पडायची. मी पडताना बगितलीत. आवाज पन करायची नाय.

उरलीसुरली धरून पिंजऱ्यात ठेवली. त्यांची पोरं वाडवायची नि बाहेर सोडायची, असं काम. वर्साला एक जोडी एकच अंडं देते. निळ्या आमच्याकडं अंड्यातून निगालेला पयला, नि बाहेर सोडलेला पन पयला. पायातल्या कड्यावरून नाव पडलं. त्याच्या पाटीवर एक बारकी पेटी बांदलेली, ती कॉम्प्युटरला सांगते तो कुटे हाय. निळ्या जगला तर पुडचे सोडायचे, नाय जगला तर वरचे साहेब बोलनार, बंद करा. मॅडमनी हे मला सोडायच्या दिवशीच सांगितलेलं.

आमचं काम चोरासारकं. पाखराला मानूस दिसला नाय पायजे. मानसाची सवय लागली तर बाहेर मानसाजवळ जाईल. म्हनून मोटी भिंत, भिंतीत खिडकी, खिडकीला लोकंडी झडप. झडप उचलायची, साल म्हनजे कातडं काडलेलं बोकड आत सारायचं, झडप सोडायची. खण्ण. मग आत एकदम पंख उलगडल्याचा आवाज, जशी ओली चादर झटकली. बाकी काय नाय. गिदाडाला आवाजाचा गळा नसतो. ते फक्त फुसफुसतं. एवड्या पाखरांच्या बाजूला दिवस काडायचा नि कोनी बोलत नाय. नवीन बाया आठवड्यात काम सोडून जायच्या. बोलायच्या, भिंतीपलीकडून कोनतरी ऐकतंय असं वाटतं. मला पन वाटायचं. मी राहिली.

जीप घेऊन आमी पाड्यावर गेलो. दुपार होती. पाड्यात शिरताना पयलं काय कळलं तर कुत्री गप. कोंबडी एक फिरताना दिसंना, सगळ्या कुडाला चिकटून खाली बसलेल्या. नि जान्याच्या कौलावर तो. दोनी पंख पसरून उनात उबा, मानसानं हात पसरावेत तसा. खाली अंगनात सावली पडलेली. लोकं त्या सावलीच्या बाहेर उबी. एकानं पन तिच्यात पाय ठेवला नव्हता.

"आली बग गिदाडांची आई," एक म्हातारी बोलली. "एवडी वाडवलीस, त्यात आमचा पाडा दाकवलास त्याला?"

"तुजा पाडा कोन बगनार? जेवायला काय हाय इते?" मी बोलली.

"जान्या हाय ना," मागून कोनतरी बोललं. हसलं कोनी नाय.

काशा भगत ओट्यावर बसलेला, पुडे सुपात तांदूळ, दाने बगून सांगायला. तो मॅडमना बोलला, "बाई, गिदाड बसलं की घर खाली करायला पायजे. हा मानूस उचलून नेता येत नाय, बोयसरचा डॉक्टर नको बोललाय. मग पाखराला जायला पायजे. दिवस मावळायच्या आत तुमी न्या. नायतर पोरं नेतील त्यांच्या पद्दतीनं."

मॅडम समजवायला लागल्या. "बाबा, गिधाड जिवंत माणसाला काही करत नाही. त्याच्या पायात पकडायची ताकद नसते. ते शिकार करत नाही, वाट बघतं."

भगत बोलला, "तेच आमी पन बोलतो. वाट कोनाची बगतं?"

मॅडमनी वर कौलाकडं बगितलं.

मी आत गेली. घरात अंदार, दाराच्या चौकटीत तेवडा उजेड. जान्या खाटेवर. अर्दं तोंड हललं. मी त्याच्या उशाशी बसली. भिमीनं खाटेच्या दांड्याशी एक पितळी, पितळेचं ताट, ठेवलेली. जान्याला पानी पायजे, कूस बदलायची, काय पन पायजे तर डाव्या हातानं पितळी लोकंडी खाटेवर हानायची. भिमी शेतावर असली तरी ऐकू जायचं.

त्यानं मला बगून पितळी उचलली नि हानली. खण्ण.

बाहेर ओली चादर झटकली.

मग बाया किंचाळल्या, पाय पळाले, नि दारातला उजेड गेला. तो दारात उबा होता. उंबऱ्यावर. एवड्या वर्सांत मी त्याला फक्त भिंतीच्या भोकातून बगितलेलं. समोरून बगितलं नव्हतं. मान लांब केली, एक डोळा आमच्याकडं केला नि उबा राहिला. माज्याकडं बगत नव्हता. पितळीकडं बगत होता.

जान्या अर्द्या तोंडानं हसला.

"मावशी," मॅडम बाहेरून हळू आवाजात बोलल्या, "तो आवाज परत करायला सांगा."

जान्यानं परत हानली. निळ्या उंबरा उतरून आत आला. दोन उड्या. खाटेच्या पायथ्याला. मग जमिनीवर चोचीनं शोदायला लागला, शेनानं सारवलेल्या जमिनीवर, जिते मांस पडायला पायजे होतं तिते.

मॅडमना तेवा कळलं, मला पन कळलं. भिंत उबारली, तोंडं लपवली, बोलनं बंद केलं. मानूस शिकवला नाय. पन रोज त्याला लोकंड शिकवलं. माळावर फिरताना त्यानं हा आवाज ऐकला नि आला. जेवन झाल्यावर दुसरीकडं जाईल म्हनावं तर जेवन भेटलंच नाय. वाजलं की यायचा, काय नाय भेटलं की वर जाऊन बसायचा.

"मॅडम, म्हनजे हा ह्यांच्यासाटी नाय आला?" भिमीनं दुरून विचारलं.

"नाही गं. ताटासाठी आला."

"मग हे आता दिवसभर का हानतात?" भिमी जान्याकडं बगून बोलली. "पानी घेऊन येते, तर पानी नको. कूस नको. मी गेली की परत खण्ण."

जान्यानं तोंड फिरवलं. लकवा झाल्यापासून त्याला एक-दोन शब्द यायचे, ते पन जोर लावून. तो बोलला, "येतं."

पाड्यातली मानसं त्याच्याकडं यायची बंद झालेली, ते आमाला सगळ्यांना म्हाईत होतं.

निळ्या बाहेर गेला, कौलावर चडला. मॅडम भगताजवळ गेल्या, हात जोडले. म्हनाल्या, ताट बंद करते, माळावर ढोर टाकते, तो तिकडं जाईल, मला उद्याचा दिवस द्या. भगतानं तांदूळ बगितले, मॅडमचं तोंड बगितलं नि बोलला, "एक दिस." पोरांनी कोयते कुडाला टेकवले, घरी नाय नेले.

जान्याकडची पितळी मी काडून घेतली. पितळी नाय, म्हनून भिमी त्या दिवशी शेतावर गेली नाय. बाजूच्या पाड्यात एक वासरू मेलेलं, सुई न दिलेलं, ते मॅडमनी विचारून विचारून खात्री करून आनलं. घरापासून दिसंल असं माळावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा बगत बसला. निळ्या कौलावर, वासरू माळावर. कावळे आले, कुत्री आली, खाऊन गेली. निळ्यानं एकदा तिकडं मान फिरवली नि परत दारात बगायला लागला. त्यानं कदी सालीसकट ढोर बगितलंच नव्हतं. ते जेवन हाय हे त्याला कोन सांगनार?

मॅडम बोलल्या, "गिधाड एकटं उतरत नाही, मावशी. एक उतरलेलं दिसलं की दुसरं उतरतं. वर दुसरं कुणी नाही." मग बोलल्या, "धरायला लागेल. नेऊ परत."

धरायचं कसं? शिडी लावली की उडायचं, पलीकडच्या आंब्यावर बसायचं. पोरं कोयते घेऊन आंब्याखाली. बोलवू शकनारा एकच मानूस होता.

मी पितळी जान्याच्या हातात दिली. "हान," बोलली.

त्यानं घेतली. छातीवर ठेवली. हानली नाय.

"जान्या, हान. मी दाराच्या मागं उबी हाय, गोदडी घेऊन."

मान हलवली. नाय.

"मग ते पोरांच्या हातनं मरंल. नायतर तुज्या कौलावर बसून उपाशी मरंल. तुज्या पितळीची वाट बगत मरंल."

तो माज्याकडं बगत राहिला. त्याच्या डोळ्यातून पानी येत होतं, पन लकवा झाल्यापासून एका डोळ्यातून तसं पन यायचं. बाहेर भगतानं हाक मारली, सूर्य खाली गेला म्हनून. जान्यानं पितळी उचलली. हळू हानली, एकदाच. एवडी हळू की मला वाटलं ऐकू नाय जानार.

चादर झटकली. दारात अंदार झाला. तो उंबरा उतरून आत आला, मान जमिनीला लावली, नि मी वरून गोदडी टाकली.

गिदाड घाबरलं की ओकतं, आमच्या कामात हे सगळ्यांना म्हाईत. पोटातलं मांस टाकून हलकं व्हायचं नि उडायचं. निळ्या माज्या छातीशी ओकला. नुसतं पानी. पोटात काय नव्हतं. केवडा मोटा दिसतो, नि कोंबड्याएवडं पन वजन लागलं नाय हाताला. मॅडमनी डोकं झाकलं, खोक्यात घातला. पाड्यातलं कुत्रं तेवा पयल्यांदा भुंकलं.

निळ्या परत पिंजऱ्यात आला, वाचला. आता तो तितंच राहील, मॅडम बोलल्या, त्याची पोरं सोडू. झडपेला रबर लावलं. मांस टाकायची वेळ बदलत राहिलो, कदी सालीसकट, कदी उपास. मग निळ्याच्या पाटचे एकदम जास्त सोडले, त्यांच्यात एक रानातलं म्हातारं गिदाड घालून. काम बंद नाय झालं. त्यातले काही गेले, एक विजेच्या तारेला लागून. काही अजून हायत. मी त्यांना ढोरावर उतरताना बगितलं. म्हातारं पुडे, बाकीचे मागं.

जान्या भाताची कापनी झाल्यावर गेला. त्या दिवशी कौलावर काय नव्हतं.

मागं एक साहेब आलेले, गेंड्यांचं काम करनारे. मोबाइलवर दाकवलं. एका जातीच्या दोनच उरल्यात, दोनी माद्या, नि आजूबाजूला बंदूकवाले. त्यातली एक कुंपनाला लागून चालत होती, एकाच रेषेत, चालून चालून जमिनीत चर पडलेला. साहेबांनी विचारलं, "मावशी, तुमचा अनुभव काय? पिंजऱ्यात वाढवून जात वाचते का?"

मी बोलली, "पिंजऱ्यात जीव वाचतो, साहेब. जात वाचायला बाहेर दोन गोष्टी लागतात. बिनसुईचं ढोर, नि वाट दाकवायला एक म्हातारं. म्हातारी हायत तोवर कामाला लागा. ती संपली की नुसता पिंजरा उरतो."