उरलेल्या गोळ्या

"पेपर पसर आणि मोज. मोठ्यानं मोज."

औषधाच्या खिडकीतून फार्मासिस्टनं सांगितलं आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. कालचा पेपर पसरला. त्यावर बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या ओतल्या. एक, दोन, तीन, चार. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. कुणी खोकल्याचं, कुणी गुडघ्याचं, कुणी लेकरू घेऊन आलेलं. सगळ्यांनी ऐकलं.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. नियम असा होता की दर महिन्याला जुनी बाटली परत आणायची आणि किती गोळ्या उरल्या ते दाखवायचं. रोज एक गोळी, एकही चुकायला नको. नियम चांगलाच आहे. पण मोजायचं काम त्याचं होतं, माझं नव्हतं. आमच्या बाटलीला तो हात लावायचा नाही. नवी बाटलीसुद्धा कठड्यावर ठेवून हात झटकन मागं घ्यायचा.

"चार?" तो म्हणाला. "मरायचं असेल तर घरी मरा. आमचे आकडे कशाला खराब करता?"

चार का उरल्या, ते त्यानं विचारलं नाही. मी वेल्ह्याच्या डोंगरात माहेरी गेले होते, भाचीच्या लग्नाला. एका खोलीत अकरा बायका. गोळ्यांची बाटली खुळखुळ्यासारखी वाजते. पिशवीतून काढली असती तर अकराजणींनी विचारलं असतं. मला एचआयव्ही आहे, नवराही त्यातच गेला, हे माहेरी कुणाला ठाऊक नाही. एवढंच कारण होतं. पण रांगेसमोर ते सांगणार कसं? मी गोळ्या गोळा करून परत बाटलीत भरल्या. रांगेत आमच्या उत्रोलीची एक बाई होती. तिनं पदर नाकाला लावला. त्या दिवसाची लाज अजून अंगावर आहे.

पुढच्या महिन्यात दोन उरल्या. मी आधी नीरेच्या पुलावर गेले आणि दोन्ही पाण्यात टाकल्या. मग खिडकीत रिकामी बाटली ठेवली. "शाब्बास," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं. पायरीवर बसायचं टळलं. डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा दिसायचे. आमचं जगणं-मरणं दर महिन्याला त्या खिडकीत होतं. तिथंच आम्ही खोटं बोलायला शिकलो.

आम्ही म्हणजे मी आणि रूपाली. भोंगवलीची सून, चोविशीची. एकदा तिलाही त्यानं पायरीवर बसवलं. मोजताना ती इतकी रडली, की आकडा चुकला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. मी तिला बाजूला घेतलं. शहाणपण शिकवलं.

"रिकाम्या बाटलीला कुणी पायरीवर बसवत न्हाई," मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती हसली. "ताई लई हुशार," म्हणाली.

मग आम्ही दोघी पुलावरून जायचो. एकदा मी माझी एक गोळी टाकली आणि सहज तिच्याकडं पाहिलं. तिची मूठ भरलेली होती. अर्ध्या बाटलीएवढ्या तरी होत्या. तिनं मूठ उघडली. पाण्यात आवाजसुद्धा झाला नाही. मी पाहिलं आणि पुढं चालू लागले. त्यानं विचारलं नाही म्हणून मी त्याला शिव्या देते. मी तरी कुठं विचारलं?

शेवटी ती मोठ्या दवाखान्यात होती तेव्हा भेटायला गेले. टीबीनं अंगाची काडी झाली होती. ती आपणच बोलली.

"ताई, गोळी घेतली की उलटी व्हायची. सासूला वाटायचं, दिवस गेल्यात. सारखी इचारायची. मंग म्या बंदच केली."

जेवल्यावर घे, थोडे दिवस कळ काढ, नाहीच थांबली तर मला येऊन सांग. एवढं एक वाक्य. ते वाक्य सांगायलाच त्या फार्मासिस्टला खिडकीमागच्या खुर्चीत बसवलं होतं. चार दिवसांनी रूपाली गेली.

पुढच्या महिन्यात त्यानं खिडकीतून तिचं नाव पुकारलं. मी सांगितलं, ती गेली. त्यानं वहीची पानं उलटली.

"गेली? रेकॉर्ड तर एकदम चांगला होता हिचा. कधी एक गोळी शिल्लक नाही."

तो चांगला रेकॉर्ड त्यानं लिहिला होता आणि मी शिकवला होता. मारणारे आम्ही दोघं.

माझ्या बाटलीत तीन गोळ्या होत्या. त्या दिवशी पुलावर जायला पाय धजला नव्हता. त्यानं सवयीनं पायरीकडं बोट केलं. मी हलले नाही. झाकण काढलं आणि तिन्ही गोळ्या खिडकीतून त्याच्या वहीवर ओतल्या.

"आत बोलवा. दार लावा. तुमच्या हातानं मोजा. आन् का उरल्या त्ये इचारा."

तो खुर्चीसकट मागं सरकला. खिडकी लावायला गेला. मी फटीत हात घातला आणि तसाच ठेवला. मागून कुणी म्हणालं, बाई, पुढं सरका. मी सरकले नाही. बऱ्याच वेळानं बाजूचं दार उघडलं. आत त्यानं मोजल्या. उघड्या बोटांनी. मग खाली बघत विचारलं, का उरल्या. मी सगळं सांगितलं. रूपालीचंही सांगितलं. त्यानं माफी मागितली नाही. मला नकोच होती.

अजून एसटी पुलावर आली की मी नदीकडं बघत नाही. तरी ती भरलेली मूठ दिसतेच. त्यात किती होत्या, कधीच कळणार नाही.

आता गोळ्यांच्या दिवशी मी सकाळीच जाऊन त्या पायरीवर बसते. रिकामी बाटली घेऊन कुणी आली की विचारते, किती टाकल्यास? खरं सांगेपर्यंत सोडत नाही. मग तिला घेऊन दारापाशी जाते. टाकलेल्यांचा आकडा आत सांगायचा. उरलेल्या त्यानं आपल्या हातानं मोजायच्या, आणि का ते विचारायचं. हात लावायचा नसेल तर त्यानं खुर्ची सोडावी. मी पायरी सोडणार नाही.