नळावरची केस आणि माझी नोंदणी

मी नर्सिंगचा अख्खा कोर्स केला, पाय सुजेपर्यंत वॉर्डात ड्युट्या केल्या, परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, आणि तरी मी नर्स नाही. कौन्सिलची नोंदणी मिळाल्याशिवाय कोणी नर्स होत नाही, आणि माझी नोंदणी अडली आहे नळावरच्या एका भांडणापायी. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा! पहिल्यांदा मलाही हसूच आलं होतं.

आम्ही वाडीला राहतो, अमरावती रोडपासून आत, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनांच्या मागे. भाड्याच्या खोल्यांची एक ओळ आणि अख्ख्या ओळीला एक नळ. उन्हाळ्यात त्याला करंगळीएवढी धार येते, तीही त्याच्या मर्जीनं. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि अठरावं पूर्ण झालं होतं. त्या दिवशी शेजारच्या मावशीनं आमचा ड्रम बाजूला ढकलून आपली बादली लावली. आई म्हणाली, "काहून वं, डोये फुटले काय तुह्ये?" मावशीनं त्याच्यावर जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग दोघींनी एकमेकींचे केस धरले, बांगड्या फुटल्या, मावशीचा नवरा धावला, माझे बाबा धावले. मी घरातून पळत आले आणि आईच्या कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं. बस, एवढंच. माझा हात कोणावरही उठला नाही, कोणाचीही शपथ घ्यायला लावा.

आमच्या ओळीत भांडण झालं की ठाण्यात जायचंच, अशी रीतच आहे. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नाही. समोरचा आधी गेला तर आपण फसू, ही भीती. मावशी गेली म्हणून आईही गेली. आणि तक्रार द्यायची तर समोरच्या घरातलं एकही माणूस सोडायचं नाही. मावशीनं माझं नाव सांगितलं. आईनं तिच्या मोठ्या मुलाचं सांगितलं, आणि तो बिचारा त्या वेळी कळमेश्वरला कंपनीत मशीनवर उभा होता. हवालदार जांभया देत दोन्हीकडचं लिहून घेत होता. झाल्या दोन केसेस, त्यांची आमच्यावर आणि आमची त्यांच्यावर, मारहाण आणि शिवीगाळ.

महिनाही झाला नसेल, आईला कावीळ झाली. दोन्ही वेळचा डबा मावशीकडून यायला लागला, बिनतेलाचा, उकडलेला, तिनं स्वतः बसून खाऊ घातलेला. आई बरी झाल्यावर दोघींनी एका चादरीवर कुरड्या वाळत घातल्या. माणसं मोकळी झाली, पण केस आपली चालूच राहिली. तारीख आली की दोन्ही पार्ट्या एकाच ऑटोत बसून कोर्टात जायच्या. मावशी सगळ्यांसाठी पोळ्या आणि आलू-वांग्याची भाजी घ्यायची. आरोपी आणि फिर्यादी एकाच झाडाखाली बसून जेवताहेत, असं दुसरीकडे कुठं होत असेल तर मला दाखवा.

आणि आम्ही शहाण्यांनी दोन्ही घरांसाठी एकच वकील केला. आता आपलं भांडण कुठं आहे, मग दोन वकील कशाला, असा साधा हिशेब. वकीलसाहेब म्हणाले, "लोकअदालतीत उभे राहा. साहेब विचारतील, कबूल आहे म्हणा. किरकोळ दंड होईल, केस खतम. नाहीतर येत राहा वर्षानुवर्षं." मला तेव्हा नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हजेरी बुडाली तर परीक्षेला बसू देत नव्हते. म्हणजे नर्स व्हायचं म्हणूनच मी तयार झाले, हे आठवलं की अजून डोकं भणभणतं.

साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हटलं, "हो." मागून मावशीनं मला ढोसलं, "जोरात बोल नं वं पोरी, आयकू नाही गेलं त्यायले." मग मी जोरात म्हटलं, "कबूल आहे, साहेब." बाहेर आल्यावर सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मी दुपारच्या ड्युटीला वेळेवर पोचले.

कोर्स संपल्यावर नोंदणीचा अर्ज भरला, तेव्हा त्यात विचारलं होतं, कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय? मैत्रिणी म्हणाल्या, "नाही लिही, कोण बघतंय?" पण सोबत पोलिसांचा दाखला जोडायचा होता, आणि त्यात ते येणारच होतं. मी खरं ते लिहिलं. बाकी सगळ्यांच्या नोंदण्या आल्या. एक जण दुबईला गेली, एक सरकारी दवाखान्यात लागली. माझ्या वेळी कौन्सिलच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "तुमचं प्रकरण समितीपुढं ठेवलंय." पुढच्या वेळी तेच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही तेच. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "वर्तन बघतात हो पुढचं. आता कशात नाव येऊ देऊ नका." ती बाई वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

शेवटी एका जाणत्या वकीलबाईंकडे गेलो. मी, आई आणि हट्टानं सोबत आलेली मावशी. बाईंनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"तुमचा समेट कधी झाला होता?"

"तवाच झाला होता नं जी," आई म्हणाली. "मले कावीळ झाली, तं हिनंच केलं सारं."

"मग कोर्टात तसं का नाही सांगितलं? तडजोडीचा अर्ज दिला असता तर सगळे निर्दोष सुटले असते. ही मुलगी गुन्हा कबूल करून आली. आता ती दोषी आहे."

तडजोड! आमची तडजोड तर कोर्टाच्या झाडाखाली भाजी-पोळी खात बसली होती, ती आत जाऊन साहेबांना दाखवायची असते हे कोणाला माहीत?

मावशी म्हणाली, "मंग मी आता केस वापस घेतो नं. सांगा कुठं आंगठा लावू?"

"घ्यायला केस कुठं आहे मावशी? निकाल लागला तिचा."

मी अपिलाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "ज्यानं स्वतः कबूल केलं त्याला दोषाविरुद्ध अपील नसतं. हायकोर्टात खटपट करता येईल, वर्षं जातील, पण मी तुला खोटी आशा देणार नाही." खाली उतरताना मावशी जिन्यातच बसली. "माह्या तोंडात किडे पडो," म्हणत तिनं कपाळ बडवून घेतलं. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिला उठवून घरी आणायलाही मीच होते.

आता मी एका खासगी दवाखान्यात मदतनीस आहे. चादरी बदलते, लघवीची भांडी देते, पेशंटला कुशीवर वळवते. सुईला हात लावायचा नाही, औषध द्यायचं नाही. पेशंट "सिस्टर" म्हणून हाक मारतात. मी ओ देते आणि खऱ्या सिस्टरला बोलावून आणते. चीड येते, खूप येते, पण रोजची झाल्यावर तिचीही सवय होते.

आईनं मात्र त्या खिडकीतल्या बाईंचं बोलणं मनात घट्ट धरून ठेवलं. कुठं चार माणसं जमली की मला घरात ढकलते. ओळीत कोणी मोठ्यानं बोललं तरी आमचं दार लागतं. "अर्ज चालू हाये तुह्या," एवढंच म्हणते.

परवा दुपारी आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. गोडाऊनच्या वळणावर एका ट्रकनं स्कूटरवाल्याला घासलं. माणूस रस्त्यावर पडला, मांडी फाटली होती आणि रक्त नुसतं उसळत होतं. लोक मोबाईल काढून उभे. मी पिशवी टाकली, खाली बसले, ओढणीची घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. रक्त कमी झालं. कमी झालेलं मला हाताखाली कळलं. त्या माणसानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "सिस्टर, सोडू नका जी."

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पोलिस आले. आईनं माझा दंड धरला.

"ऊठ."

"आई, सोडलं तर जाईल गं तो."

"नाव लिहतीन तुह्यं. ऊठ म्हणतो नं!" ती रडत होती आणि ओढत होती.

मी एका हमालाचा हात धरून ओढणीवर ठेवला, म्हटलं, "दादा, असंच दाब, काही झालं तरी सोडू नको." आणि उठले. हो, उठले. तो माणूस "सिस्टर, सिस्टर" करत होता आणि आम्ही गोडाऊनच्या मागच्या गल्लीतून जवळजवळ पळत घरी आलो. हमालानं हात सोडला की धरून ठेवला, मला माहीत नाही. विचारायला गेले नाही.

आईनं दाराला कडी लावली. मी मोरीत बसले, ती वरून पाणी ओतत होती. नखांतलं रक्त निघत नव्हतं. कोर्टात कबूल आहे म्हणताना मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आज खरा गुन्हा केला, आणि हा कोणी लिहून घेणार नाही.

आईनं साबण पुढं केला आणि हळू आवाजात विचारलं, "कोनं पाह्यलं तं नाही नं तुले?"

मी म्हटलं, "नाही."