चारतासकाका आणि उशिरा भाजलेले बोल्ट

जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या त्या कारखान्यात काकांचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते चारतासकाका. बोल्ट टाकीतून बाहेर आले, की चार तासांच्या आत ओव्हनमध्ये गेलेच पाहिजेत, हे त्यांनी पस्तीस वर्षं इतक्या मोठ्यानं सांगितलं होतं, की पॅकिंगवाल्या ताई त्यांची हुबेहूब नक्कल करायच्या. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मात्र ओव्हनला ते कुणाला हात लावू देत नसत. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून यायचे, ओव्हन सुरू करायचे आणि परत जायचे. लोक याला निष्ठा म्हणत. काकू हट्ट म्हणत, आणि काकूंचंच बरोबर होतं.

काकांचं वैर होतं हायड्रोजनशी. बोल्ट आम्लात धुताना आणि मुलामा चढवताना हा वायू सुटतो आणि त्याचे इवलेसे अणू पोलादात शिरतात. ते दिसत नाहीत, वजनात कळत नाहीत. बोल्ट नुसता पडून असला तर बहुधा काही होत नाही. तो आवळला, की हे अणू आतल्या आत सरकत ताण सर्वांत जास्त असेल तिथे गोळा होतात आणि चांगलं कणखर पोलाद नेमकं तिथे ठिसूळ होतं. मग एखाद्या दिवशी, कुणी बोटही लावलेलं नसताना, बोल्टचं डोकं उडतं. वेळेत मंद आचेवर भाजला तर हायड्रोजन निघून जातो. उशीर होऊन आत बारीक तडे गेले, तर मग कितीही भाजा, ते सांधत नाहीत.

आणि उशीर झाला तो नेमका काकांच्या निरोप समारंभाच्या दिवशी. बोल्ट बारा वाजता टाकीतून निघाले. एक वाजता काकांना पुढच्या खुर्चीत बसवलं. भाषणं झाली, फोटो झाले, ताईंनी नक्कल करून दाखवली, सगळे पोट धरून हसले. "चार तासांच्या आत!" असं काका स्वतःसुद्धा टाळ्यांच्या गजरात ओरडले. सव्वासहाला ते पिशवी घ्यायला आत गेले, तेव्हा चार हजार बोल्ट जाळीत तसेच पडले होते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ओव्हन लावला, रात्रभर माल भाजला आणि सकाळी मालकासमोर उभे राहून सगळं सांगून टाकलं.

"काका, दोन तास उशीर!" मालक म्हणाला. तो काकांच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. "आणि दहा बोल्ट मशीनवर ओढून पाहिले की. एकही ताकदीत कमी भरला नाही."

"मशीन दोन मिनिटांत ओढतं रे. हायड्रोजनला जमायला वेळ लागतो. हे बोल्ट बांधकामावर माणसं वर नेणाऱ्या लिफ्टला लागणार आहेत. आवळून ठेव, आठ दिवस वाट बघ."

मालकाला नाही म्हणवेना. "आठ दिवस देतो. तुटला तर सगळा माल भंगारात. नाही तुटला तर आठव्या दिवशी चारला ट्रक निघेल. आणि आवळलेल्या बोल्टांचं ते लोढणं इथे नको, तपासनीस येतात."

अशा रीतीनं त्याच मालातले दुसरे दहा बोल्ट आवळलेली जाड पोलादी पट्टी काकांच्या स्वयंपाकघरात आली. डोकं उडून कुणाला लागू नये म्हणून तिच्यावर घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावर वरवंटा ठेवला. काकूंनी कपाळाला हात लावला.

"अहो, निवृत्त झालात ना? मग हे काय घरात आणून बसवलंत?"

"अगं, आठच दिवसांचा पाहुणा."

काका घमेल्याशेजारी खुर्ची टाकून बसले. दुसरा दिवस गेला, चौथा गेला. भांडं जरा वाजलं तरी ते दचकायचे. काकू भाजी चिरता चिरता त्यांच्याकडे पाहत राहायच्या.

सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला काय हवंय? तुटावा की तुटू नये?"

काकांनी घमेल्याकडे पाहिलं. तुटला, तर पस्तीस वर्षांच्या नावाला शेवटच्या दिवशी बट्टा. न तुटला, तर ट्रक जाणार, आणि उरलेल्या चार हजारांत काय दडलंय ते माणसं लिफ्टमध्ये उभी राहिल्यावर कळणार.

"मला झोप हवी आहे," ते म्हणाले. काकूंना त्यांची फार दया आली. त्यांनी चहा टाकला आणि स्वतःची खुर्ची घमेल्याच्या दुसऱ्या बाजूला ओढली.

आठव्या दिवशी दुपारी दोनपर्यंत दहाच्या दहा बोल्ट शाबूत होते. काका कारखान्यात गेले. ट्रक भरून उभा होता. "आणखी एक दिवस," ते मालकाला म्हणाले.

"काका, शब्द आठ दिवसांचा होता. तुमचं मन खातंय, बाकी काही नाही."

कदाचित तसंच असेल, असं काकांनाही वाटू लागलं. आपण उगाच भुई धोपटतोय. चालकानं इंजिन सुरू केलं, तसे ते बाजूलाही झाले.

फाटकातून काकू आल्या. घरातल्याच चपला, पदर कसाबसा खोचलेला, बसस्टॉपपासून धावत आल्यानं धाप लागलेली. त्या काकांकडे न पाहता थेट मालकासमोर गेल्या आणि मूठ उघडली. तळहातावर बोल्टचं डोकं होतं.

"तीनला उडालं. वरवंटा खाली पाडला मेल्यानं," त्या म्हणाल्या. "यांची चूक होती. खरीच होती."

नवऱ्याची चूक इतक्या अभिमानानं कुणी कुणाला दाखवली नसेल. मालकानं ते डोकं उलटसुलट पाहिलं. पोलाद ताणलं गेल्याची खूणसुद्धा नव्हती, साखरेचा खडा मोडावा तसं ते सरळ मोडलं होतं. त्यानं चालकाला हात केला. इंजिन बंद झालं.

"उतरवा सगळं," तो म्हणाला. "भंगारात."

काका तिथेच एका खोक्यावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. ताई पाणी घेऊन आल्या.

काकूंनी मात्र त्यांच्या दंडाला धरून उठवलं.

"चला लवकर," त्या म्हणाल्या. "घरात अजून नऊ आहेत, आणि त्यांच्याजवळ कुणीच नाही."