हेलिकॉप्टर ज्वारीच्या पलीकडे

परवा स्टाफरूममध्ये नव्यानं आलेल्या टीचरनं सहज विचारलं, "मॅडम, संध्याकाळी घरी एकट्या काय करता?"

मी म्हटलं, "हेलिकॉप्टरची वाट बघते."

तिच्या हातातला घास डब्यातच राहिला. मग सांगणं भागच पडलं. एक सांगितलं की त्याच्या मागून दुसरं निघतं, दुसऱ्यावरून तिसरं आठवतं. मधली सुट्टी संपली, पुढचे तास झाले, शाळा सुटली, तरी ही बाई आपली बस सोडून समोर बसलेली! घडताना यातलं काहीच सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. सांगायला बसल्यावर मात्र वाटलं, घरात एवढं सामान कधी जमा झालं?

तर आधी कांताची ओळख. कांता माझी शाळेतली मैत्रीण. भीमपूरकडच्या एका खेड्यात तिची शेती आहे. कापूस, सोयाबीन, थोडी ज्वारी. मी आदिलाबादला मराठी शाळेत शिकवते. ती आमच्या जुन्या बोलीत बोलते, मी पुस्तकातलं बोलते, म्हणून ती मला 'मास्तरीण' म्हणते.

माझे मिस्टर गेले तेव्हा भेटायला पुष्कळ माणसं आली. त्यांच्या आजारपणापासून मला एक सवय लागली होती. कोणी आलं, की थोड्या वेळानं मीच म्हणायची, "निघा आता तुम्ही. बस चुकेल." माणसं निघायची. कांता आली, ज्वारीच्या पिठाचा डबा खाली ठेवला, भिंतीला टेकून बसली. मी तिलाही म्हटलं, "निघ कांता, बस चुकेल."

कांता म्हणाली, "चुकू दे."

आणि आठवडाभर राहिली!

\*

ती गावी परत गेल्यावर एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय करून राह्यली?"

"काही नाही."

"मंग बंदूक घे."

झालं होतं असं, की तिची मुलगी बासरला शिकायला गेली आणि जाताना आपला जुना फोन आईला देऊन गेली. त्यात एक लढाईचा गेम होता. दोघांनी मिळून खेळायचा. मुलगी होस्टेलवरून आईबरोबर खेळायची. मग तिच्या परीक्षा आल्या आणि कांताच्या पलटणीत जागा रिकामी झाली.

मी म्हटलं, "मला यातलं काही येत नाही."

"मले तरी कुठं येत होतं? तुले दोन अंगठे हायेत नं? भरती झाली तू."

खेळ समजायला सोपा आहे. शत्रूच्या तळात शिरायचं, तिथली एक पेटी उचलायची आणि हेलिकॉप्टर सुटायच्या आत त्याच्यापर्यंत परत यायचं. गोळी लागली की आपण खाली पडतो. पडलेल्याच्या डोक्यावर एक लाल पट्टी दिसते आणि ती हळूहळू कमी होत जाते. ती संपायच्या आत जोडीदारानं येऊन हात दिला, तर आपण उठतो. नाहीतर तिथंच संपलो. आणि पेटी घेऊन एकजण जरी हेलिकॉप्टरमध्ये चढला, तरी जिंकलो.

पहिल्या दिवशी मी विमानातून उडी मारली आणि हत्यारं शोधायची सोडून समोरच्या घराचं उघडं दार आधी लावून घेतलं.

कानातल्या इअरफोनमधून कांता ओरडली, "मास्तरीण, ते शत्रूचं घर हाये!"

"अगं, पण उघडं होतं!"

\*

कांता खेळते ती ओसरीत बसून, आणि खेळताना तिला जगाचं भान नसतं. एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस तिच्या दारात आला. गावात नवीन होता, हिंदीत बोलत होता. माझ्या कानात सगळं ऐकू येत होतं.

"नमस्ते बहनजी, नया बीज आया है..."

कांतानं मान वर केली नाही. म्हणाली, "भैय्या, दो मिनट रुको. एक आदमी को मारना है, फिर बात करते."

पलीकडे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज.

"गेला वाटते," कांता म्हणाली. "चहा तरी घ्याचा होता."

दुसऱ्या दिवशी तो सरपंचांना घेऊन आला! कांतानं दोघांना चहा पाजला आणि फोन दाखवला. तेव्हापासून सरपंच रस्त्यात भेटले की विचारतात, "काय कांताबाई, आज कोन्या बाजूनं हल्ला हाये?"

\*

आता खरी अडचण सांगते.

गेममध्ये तळ आणि हेलिकॉप्टर यांच्या मधोमध एक मोठं शेत आहे. उंच पीक. गहू आहे की मका, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावं. कांता म्हणाली, जवारी. म्हणून ज्वारी ठरली. सगळे खेळणारे या पिकातून वाकून पळतात. लपायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. ते पीक ठेवलंय त्याच्यासाठीच.

आमची कांता शेताच्या कडेकडेनं, धुऱ्यावरून चालली. धुरा म्हणजे आमच्याकडे बांध. उघडा, उंच, सगळीकडून दिसणारा! वर मलाही सोबत घेतलं. दोघींना गोळ्या लागल्या.

"कांता, पिकातून का नाही गेलीस?"

"उभ्या पिकातून कोन जाते वं?"

"अगं, ते खोटं आहे! चित्र आहे ते!"

"असन खोटं. पन पेरलं तं कोनी तरी असनच नं?"

त्या दिवसापासून आमची पलटण धुऱ्यानं जाते आणि धुऱ्यावर मरते. कांताच्या मुलीनं एकदा आमचा खेळ बघितला आणि सांगून टाकलं, "आई, हे मिशन तुम्हां दोघींच्यानं या जन्मात होत नाही."

कांतानं ते मनावर घेतलं. म्हणाली, "होते. अन् धुऱ्यानंच होते."

\*

एकदा आम्ही ऐन तळात होतो. पेटी समोर, चारी बाजूंनी बुटांचे आवाज. आणि कांता म्हणाली, "थांब वं, म्हैस सुटली."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पडद्यावरची कांता बंदूक धरून तळाच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी!

तिला तिथून हलवता येत नव्हतं, सोडून जाता येत नव्हतं. मी तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिले. इकडून आला त्याला मारलं, तिकडून आला त्याला मारलं. मागून "हुर्र, हुर्र, इकडं ये" असं ऐकू येत होतं. ते मला की म्हशीला, तेही कळेना. आयुष्यात मी इतकी चांगली कधी लढले नाही.

बऱ्याच वेळानं ती परत आली.

"काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "म्हैस सापडली?"

"तिले काय झालं होतं? दाराशीच उभी होती."

\*

कधी कधी गेम आपणहून एखादा अनोळखी भिडू जोडून देतो. एकदा एक तेलुगू बोलणारा आला. आवाज गंभीर, हालचाली मिलिटरीसारख्या. तो आम्हाला कुठं उभं राहायचं ते भराभर सांगू लागला.

कांतानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ए ऊरु, तम्मुडू?" म्हणजे, कोणतं गाव भाऊ?

दोन क्षण बंदूक थांबली. मग तो म्हणाला, निजामाबादकडचा. घरी हळद आहे. थोडा कापूसही आहे.

संपलं! मग हळदीला यंदा पाणी किती लागलं, कापसावर बोंडअळी आली का, कोणतं औषध मारलं, ते गुण देतं का. कांता थोडी तेलुगू, थोडी हिंदी बोलायची, आणि अडली की मला मध्ये घालायची. "मास्तरीण, त्याले इचार, पहिली फवारणी कधी केली?" माझ्या डोक्यावरून गोळ्या जातायत आणि मी भिंतीआडून फवारणीचं भाषांतर करतेय.

तिघंही मेलो. पण कांताच्या कापसावर यंदा अळी कमी आहे.

\*

कांता माझ्यावर एकदाच रागावली.

मी पडले की ठरलेलं एक वाक्य बोलायची. "तू जा पुढं. मला सोड." नियमानं ते बरोबरच होतं. एकजण पोचला तरी जिंकतो, मग दोघींनी कशाला मरायचं? तरी कांता यायचीच. पण यायची धुऱ्यानं, अख्ख्या शेताला वळसा घालून. ती पोचेपर्यंत माझी पट्टी संपलेली असायची, आणि तिकडं हेलिकॉप्टर निघून गेलेलं असायचं. दोन्ही हातचं गेलं!

एका संध्याकाळी मीच चिडले. "तू धुऱ्यानं येतेस म्हणून मी मरते, कांता!"

"अन् तू 'जाय, जाय' म्हनते म्हनून मी धुऱ्यानं येते!"

"म्हणजे?"

"ज्याले घाई असते तो हाक मारते. तू कधी मारली? खेळात नाई मारली, तिकडं दवाखान्यात बसली होती तवा नाई मारली. साऱ्या गावाले बस पकडून देते! हाक माराले काय पैसे लागते तुले?"

दोघींच्या फोनवर 'पुन्हा खेळायचं का?' असं येऊन थांबलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "जेवली का?"

"नाही अजून."

"जेव. मंग मारू त्यायले."

\*

याच थंडीतली गोष्ट. प्रार्थना चालू असताना शाळेवरून खरंच एक हेलिकॉप्टर गेलं. कोणी पुढारी असतील. सगळी शाळा प्रार्थना सोडून वर बघायला लागली. हेडसर ओरडतायत, "लाइन! लाइन!" आणि मी? मी निंबाच्या झाडाआड जाऊन उभी! पाय आपोआप गेले. सातवीचा अख्खा वर्ग हेलिकॉप्टर सोडून माझ्याकडे बघत होता.

सुट्टीत कांताला फोन केला. "अगं, आपलं हेलिकॉप्टर आज शाळेवरून गेलं."

"मंग चढली काऊन नाई?"

"तुझ्याशिवाय कशी चढणार?"

कांता म्हणाली, "संध्याकाळी लवकर बस आज."

\*

त्या संध्याकाळी लवकर बसलो. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी सगळं जमत गेलं. तळात शिरलो, कोणाला कळलं नाही. पेटी मिळाली. ती कांताकडं होती. धुऱ्यानं निघालो तर धुऱ्यावर कोणीच नाही! कांता पुढं, मी मागं. ती शेताला वळसा घालून पलीकडे पोचलीसुद्धा. हेलिकॉप्टर समोर उभं, पंखा फिरतोय. तिनं फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

"मास्तरीण, पोचली मी! माय वं, पोचली! पोरीले फोटो पाठवते आता!"

आणि मला गोळी लागली.

मी शेताच्या अलीकडे पडले होते. मध्ये ती उंच ज्वारी. ज्वारीच्या पलीकडे हेलिकॉप्टर आणि दारात कांता. माझी लाल पट्टी कमी व्हायला लागली.

"पडली का वं?" कांतानं विचारलं.

ठरलेलं वाक्य तोंडात आलं होतं. तू जा पुढं. तिच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. पट्टी अर्धी झाली. त्याहून कमी झाली.

मी म्हटलं, "कांते, ये."

आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. जोरात म्हटलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावलं, इतक्या जोरात.

"कांते, ये गं! लवकर ये!"

हेलिकॉप्टरच्या दारातली कांता वळली. धुऱ्याकडं गेली नाही. समोर ज्वारी होती, तिच्यात सरळ शिरली. मला ती दिसत नव्हती. पलीकडून माझ्याकडं येणारी एक रेघ दिसत होती, ज्वारी आडवी होत येत होती, धाडधाड, रेघ जराही वाकडी न होता. शेवटची धाटं बाजूला झाली आणि ती समोर आली. खाली बसली. हात दिला.

पट्टी नखाएवढी राहिली होती. मी उठले.

कानात तिला धाप लागलेली ऐकू येत होती. खरीखुरी धाप, ओसरीत बसल्या जागी!

पलीकडे हेलिकॉप्टरचा पंखा जोरात फिरायला लागला होता. आता सुटणार, असं तो आवाज सांगत होता. समोर कांताच्या पायांनी पाडलेली वाट थेट त्याच्या दारापर्यंत गेलेली. मी त्या वाटेकडं वळले.

कांतानं मला थांबवलं.

"तिकडून नाई," ती म्हणाली. "चाल आता. धुऱ्यानं."