तिसऱ्या अंकातलं बाळ

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणारीला सगळे टाचणीताई म्हणत, कारण तिच्या ओठांत सदा चार टाचण्या असत. त्या तशाच धरून ती बोलायची, हसायचीसुद्धा. नवरा परागंदा, पदरात सात महिन्यांची मुलगी.

तिसऱ्या अंकात मला तान्हं बाळ घेऊन प्रवेश करायचा असे. मालकांनी तिची पोर पाहिली आणि म्हणाले, "बाहुली कशाला? हीच घ्या!" दिव्यांच्या उजेडात ती डोळे मोठ्ठे करून लोकांकडे बघे आणि अख्खं थिएटर विरघळे. जाहिरातीतही छापलं, 'खरंखुरं बाळ!' पहिले दोन अंक मात्र ते खरंखुरं बाळ इस्त्रीच्या टेबलाखाली, खोक्यात.

एक दिवस पोर रांगत बाहेर आली आणि तिनं वायर ओढली. तापलेली इस्त्री तिच्यापासून वीतभर अंतरावर पडली.

टाचणीताईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तडक मालकांपुढे उभी राहिली.

"प्रयोगापुरती एक बाई ठेवा. पोरीला सांभाळायला."

"वा गं वा! पोरं तुम्ही काढायची आणि सांभाळायची कंपनीनं?"

"मग तिसऱ्या अंकात कुणाची असते ती, मालक?"

"जीभ आवर. आणि आत्ताच्या आत्ता चालती हो!"

मी तिथेच होते, अर्धा चेहरा रंगवलेला. आरशात बघून भुवई कोरत राहिले. ती पोरीला कडेवर घेऊन गेली, तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबर केलं.

तिसऱ्या अंकाला मालकांनी माझ्या हातात गुंडाळलेला टॉवेल कोंबला. मी अंगाई गायले. टाळ्या पडल्या. विंगेत मालक म्हणाले, "बघा! कुणावाचून काही अडत नाही."

मेल्या, अडत कसं नाही? तुझ्या खुर्च्यांवर बसणारी, तुझे पडदे ओढणारी माणसं काय झाडाला लागतात? कुणीतरी रात्रीचा दिवस करून वाढवतं, तेव्हा तुला ती आयती मिळतात! वाढवताना म्हणे तुमचं तुम्ही बघा. हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा मी टॉवेल जोजवत होते.

दुसऱ्या दिवशी कपडेपटाला नवी बाई आली. मालकांनी कामाचं काही विचारण्याआधी विचारलं, "मूलबाळ नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

दोन होती.