आत्यांची बंद पडणारी गाडी

पुण्यातला दुकानदार कुणालाच घाबरत नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. पण माझ्या बायकोच्या आत्या दुकानाची पायरी चढल्या की गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहतो. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात आत्यांनी सगळी नोकरी लोकांची बोलणी ऐकण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर ती शहराला परत करायला घेतली. वर्षभर वापरलेली छत्री वाऱ्यात उलटी होते म्हणून त्या ती भर उन्हाळ्यात बदलून आणतात. मार्केट यार्डातून आणलेल्या पेटीतले खालचे आंबे वरच्या आंब्यांच्या नात्यातले वाटत नाहीत, म्हणून अख्खी पेटी रिक्षाने परत नेतात. आमच्या लग्नात गुरुजींनी घाईत एक मंगलाष्टक गाळलं, तर आत्यांनी त्यांना भरल्या ताटावरून उठवून ते म्हणायला लावलं. त्यामुळे आमच्या संसारात आज जे काही दोष आहेत ते वापरणाऱ्यांचे आहेत, उत्पादनाचे नाहीत, असं त्या मला बजावून सांगतात.

अशा बाईंना खराब गाडी विकण्याचं धाडस एका शोरूमने केलं. आत्या एकट्या राहतात. साठी उलटल्यावर त्या ड्रायव्हिंग शिकल्या, छोटी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात काही काम नसताना भोरपर्यंत जाऊन आल्या. मग गाडी चालता चालता बंद पडायला लागली. वर्कशॉपमध्ये गेली की ती धुऊन, टायर काळे करून परत येई आणि पुन्हा बंद पडे. तिथले लोक कागदावर दर वेळी ‘सर्वसाधारण तपासणी’ लिहीत. आत्या ते खोडायला लावून ‘भर रस्त्यात बंद पडते’ असं लिहवून घेत आणि मगच सही करीत. शेवटी तिथला तिशीतला मॅनेजर मधाळ आवाजात म्हणाला, “मॅडम, गाडी एकदम ओके आहे. थोडा एज फॅक्टर असतो.”

“गाडीला अजून वर्ष झालं नाही,” आत्या म्हणाल्या. “तिला एज फॅक्टर असेल तर तसं लिहून द्या.”

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग एके दिवशी चांदणी चौकातल्या पुलावर गाडी बंद पडली. मागच्या सीटवर माझी मुलगी होती आणि गाडीमागे ब्रेक दाबत आलेला ट्रक. तो थांबला, अगदी जेमतेम. घरी आल्यावर आत्यांनी आधी तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवली. मी म्हटलं, “आत्या, विकून टाका हो ती गाडी.”

“कुणाला, जावईबापू?” त्या म्हणाल्या. “ज्याची मुलगी मागे बसणार आहे, त्याला?”

ग्राहक आयोगात आपली बाजू आपल्याला मांडता येते, वकील लागत नाही, हे कळल्यावर त्यांना माहेर सापडल्यासारखं झालं. कंपनीच्या वकिलाने सांगितलं, की तक्रारदार ज्येष्ठ नागरिक असून त्यांना वाहन चालवण्याचा पुरेसा अनुभव नाही. आत्या उभ्या राहिल्या. “साहेब, वाहन चालवण्याचा अनुभव मी घेतलाय. वाहन न चालण्याचा यांनी दिला.” आयोगाने गाडी तपासायला इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापकांना नेमलं. तपासणीच्या दिवशी मॅनेजर म्हणाला, “मॅडम नको, मी चालवतो.” शेजारी प्राध्यापक बसले, मागे वकील, आत्या आणि मी वांग्यांसारखे भरले गेलो. हिंजवडीच्या रस्त्यावर, कंपन्यांच्या बसेस चारी बाजूंनी हॉर्न देत असताना, गाडी बंद पडली. मॅनेजरने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. त्याच्या कपाळावर घाम आला. वकिलाने टाय सैल केला आणि खाली उतरून धक्का मारायला घेतला.

“असू द्या हो,” आत्या मॅनेजरला म्हणाल्या. “या वयात होतं असं.”

प्राध्यापकांनी दोष मुळातच आहे असा अहवाल दिला. आयोगाने कंपनीला गाडी परत घेऊन किंमत द्यायला सांगितली, वर मानसिक त्रासाची भरपाई. हरलेल्या कंपनीच्या वकिलानेच पेढे मागितले. आत्यांनी दिले, आणि कसे आहेत तेही विचारलं. गाडी न्यायला क्रेन आली त्या सकाळी मात्र त्यांनी ती स्वतः धुतली. बॉनेटवरून फडकं फिरवत म्हणाल्या, “हिचा काय दोष? हिला कुणी नीट घडवलंच नाही.”

दुसरी गाडी त्यांनी घेतली नाही. विषय काढला की “बघू” म्हणतात. हल्ली कुठे जायचं असलं तर माझ्या शेजारी बसतात. पूल आला की हातातल्या पर्सवरची बोटं घट्ट होतात, आणि पूल संपेपर्यंत तशीच राहतात. परवा मी सिग्नल तोडला, चुकीच्या लेनमध्ये घुसलो, एका रिक्षाला जवळजवळ घासून गेलो. मी त्यांच्या तक्रारीची वाट पाहत होतो. आत्या एक शब्द बोलल्या नाहीत.